सांध्याखालचं हिरवं

त्या दिवशी सकाळी कापलेला फुटवा संध्याकाळपर्यंत टवटवीत होता आणि तेच मला खुपत राहिलं. त्यानं माना टाकल्या असत्या, पानं सुरकुतली असती, तर मी तो उचलून पालापाचोळ्याच्या ढिगावर टाकला असता. पण ती जूनमधली ढगाळ सकाळ होती, रात्रीच्या पावसानं माती ओली होती, आणि त्या मातीवर माझ्या खांद्याला लागेल एवढा वाढलेला तो हिरवागार फुटवा आडवा पडला होता. पानं पातळ, सात बोटांची, प्रत्येक बोटाच्या कडेला करवतीसारखे बारीक दात. देठ तांबूस. शेंड्याची दोन कोवळी पानं अजून पुरती उघडलीही नव्हती, हात जोडल्यासारखी मिटून होती. मी घरात गेले, कामं केली, परत येऊन पाहिलं. दुपारी पाहिलं. तिन्हीसांजेला पाहिलं. शेवटी एक बादली पाण्यानं भरली आणि तो तिच्यात उभा ठेवला. कशासाठी, ते तेव्हा माझं मलाही सांगता आलं नसतं.

ज्या झाडासाठी तो कापला ते झाड दोन पावलांवर उभं होतं. जपानी मेपल, ब्लडगुड जातीचा, जांभळट तांबड्या पानांचा, तीन वर्षांपूर्वी पानगळीच्या दिवसांत लावलेला. त्या सकाळी मी काही कापायला गेलेच नव्हते. बुंध्याशी घातलेल्या लाकडाच्या चुऱ्याला कुबट वास यायला लागला होता, म्हणून ते आच्छादन हातानं मागे सारायला बसले होते. वरचा थर कोरडा, खालचा ओलसर, त्यात पांढऱ्या बुरशीचे धागे. चार बोटं खाली गेल्यावर खोडावर एक गाठ हाताला लागली. किंचित तिरकी, मोडून पुन्हा जुळलेल्या हाडासारखी. गाठीच्या वरची साल काळपट जांभळी, खालची हिरवट करडी. आणि माझा तो जोमदार, सरळ वाढलेला, लाडका फुटवा गाठीच्या खालून निघाला होता.

दोन उन्हाळे मी त्याच्याकडे पाहून निश्चिंत होत होते.

कलम म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. जपानी मेपलच्या बीचा भरवसा देता येत नाही. तांबड्या पानांच्या एकाच झाडाखाली शंभर रोपं उगवली तरी प्रत्येकाचा रंग, पानाचा काप, वाढीची तऱ्हा थोडी थोडी वेगळी. हुबेहूब आईसारखं एखादं तरी निघेल असं नाही. म्हणून नाव असलेली जात टिकवायची तर त्या झाडाची काडी घ्यायची आणि बीपासून वाढवलेल्या साध्या हिरव्या मेपलच्या खुंटावर बसवायची. दोन्हीकडच्या सालीखालचा पातळ, ओला, जिवंत थर एकमेकांना नीट भिडला की काही आठवड्यांत सांधा भरून येतो. दोन झाडं एक झाली असं आपण म्हणतो, पण ती पाणी आणि साखर एकमेकांना देऊ लागतात, इतकंच. खुंट खुंटच राहतो, काडी काडीच. सांध्याच्या वर येणारं प्रत्येक पान ब्लडगुडचं आणि खाली येणारं प्रत्येक पान त्या बिननावाच्या हिरव्या झाडाचं, मग झाड कितीही म्हातारं होवो. हे मला झाड आणलं त्या दिवशी सांगता आलं असतं. तरीही मी तिथे वाकून पाहिलं नाही.

लावताना मात्र मी जिवापाड काळजी घेतली होती. पानं गळून गेल्यानंतरचे दिवस मुद्दाम निवडले होते. वर झाड निजलेलं असतं, पण जमिनीत अजून ऊब असते आणि माती फार गार होईपर्यंत मुळं हळूहळू पुढे सरकत राहतात. जागा अशी शोधली होती की सकाळचं ऊन मिळावं आणि दुपार कलल्यावर सावली यावी. आदल्या दिवशी खड्डा खणून पाण्यानं भरून ठेवला. सकाळी जाऊन पाहिलं तर पाणी पुरतं जिरलेलं, तळाशी नुसती चकाकी. केवढा आनंद झाला होता मला त्या रिकाम्या खड्ड्याचा! या झाडाची मुळं बारीक तंतूंसारखी, वरच्या थरातच पसरणारी. त्यांना ओलावा हवा असतो, पण तुंबलेलं पाणी अजिबात सोसत नाही. खड्डा रुंद हवा, हुंडीच्या, म्हणजे मुळांसकट मातीच्या गोळ्याच्या, दुप्पट-तिप्पट, पण खोल नको, हुंडीच्या उंचीपेक्षा बोटभरही जास्त नको. तळाची माती आपण उकरली नाही तर झाड पुढे खचत नाही.

कुंडीतून हुंडी बाहेर काढली तेव्हा मुळं भिंतीला लागून गोल गोल फिरलेली दिसली. जागा मिळेना म्हणून ती बिचारी त्याच त्या वाटेनं फेऱ्या घालत राहिली होती. मी मातीत मांडी घालून बसले आणि एकेक मूळ बोटांनी सोडवलं. जी सुटेनात ती कापली. ती तशीच राहिली तर पुढे जाड होतात आणि आपल्याच खोडाला फास लावतात. वरची दोन बोटं माती खरवडल्यावर खोड जिथे रुंदावत मुळांत उतरतं ती जागा दिसली. नव्या झाडाच्या बाबतीत याहून महत्त्वाचं काही नसेल असं मला वाटतं. ती जागा उघडी राहिली पाहिजे, झाडाला दिसलं पाहिजे की आपण कुठे संपतो आणि जमीन कुठे सुरू होते. खड्ड्यातून निघालेलीच माती परत लोटली. खत घातलं नाही, कारण खड्ड्यातच मऊ गादी मिळाली तर मुळं बाहेर पडायचं नाव घेत नाहीत. पायानं तुडवली नाही. पाणी सोडून माती आपणहून बसू दिली. मग चुऱ्याचं आच्छादन, खोडापासून हातभर मोकळी जागा सोडून. सांधा त्या दिवशी माझ्या समोर होता, जमिनीच्या चार बोटं वर, स्वच्छ. मी त्यावरून अंगठा फिरवल्याचंही मला आठवतं.

मग हिवाळा. काड्या नुसत्या. या झाडाला थंडी सोसते एवढंच नाही, ती लागते; हिवाळ्याची झोप पुरी झाल्याशिवाय डोळे नीट उघडत नाहीत. म्हणून जिथे वर्षभर उकाडा तिथे हे झाड कितीही जपा, खंगत जातं. मला तेव्हा रोज सकाळी खिडकीतून ते दिसायचं आणि त्याच्याकडे बघून माझं काही करणं उरलेलं नाही याची एक प्रकारची विश्रांती वाटायची.

वसंतात डोळे फुगले. समोरासमोर, जोडीजोडीनं. एक दिवस त्यातून ओल्या छत्र्यांसारखी मिटलेली पानं बाहेर आली, इतक्या गडद तांबड्या रंगाची की सकाळच्या उन्हात ती आतून पेटल्यासारखी दिसत. एप्रिलच्या मध्यावर एका संध्याकाळी आभाळ एकदम निरभ्र झालं, वारा पडला. अशा रात्री दहिवर गोठतं. मी चार काठ्या रोवून जुनी सुती चादर त्यांवर अंथरली, कापड कुठेही पानाला टेकणार नाही असं. सकाळी चादर कडक झाली होती, पापडी धरल्यासारखी, आणि खाली पानं सुखरूप. दुसऱ्या रात्री थोडे ढग होते. मला वाटलं, आज नाही. उजाडताना पाहिलं तर ती सगळी पालवी उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी काळी, लिबलिबीत लोंबत होती. मी एकेक पान हातात धरून पाहिलं. बोटांना ओलं लागत होतं. ढग उत्तररात्री कधी पांगले ते मला माहीत नाही, मी झोपले होते.

महिन्याभरानं राखीव डोळ्यांतून दुसरी पालवी आली. लहान, थोडी फिकी. झाड पुन्हा पानं काढू शकतं, पण ती काढायला त्याला साठवलेल्या साखरेतून खर्च करावा लागतो, आणि पहिल्या वर्षीच्या रोपाकडे साठा असतोच किती! त्या अशक्त पानांवर जुलैचा कोरडा गरम वारा आला. कडा तपकिरी झाल्या, मग बोटांची टोकं, मग अर्धी अर्धी पानं, जळत्या कागदाची कड आत सरकत जावी तशी. मी घाबरून पाणी घालायला लागले. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. करपलेलं पान म्हणजे तहानलेलं झाड, एवढं साधं गणित. पण पान जेवढं पाणी वाऱ्याला देतं तेवढं वर चढवायला मुळांचा पसारा लागतो, आणि तो अजून झालेलाच नव्हता. मी वरून कितीही ओतलं तरी मुळं त्या घाईनं वाढणार नव्हती. उलट माती गच्च झाली की त्यांना हवाही मिळत नाही. हे कळायला मला तीन आठवडे लागले. मग मी बोट दोन पेरं मातीत खुपसून पाहायला शिकले. वरचा थर कोरडा आणि खाली गार ओलसर लागलं, की आज पाणी नाही. आज काहीच करायचं नाही हे ठरवून झाडापासून उठून जाणं मला फार जड गेलं.

हाताला राहवलं नाही. पाणी घालायचं नाही तर नाही, मग मी आच्छादन घालायला लागले. पोत्यातून ओंजळ-ओंजळ चुरा, आज इकडून, उद्या तिकडून. ते करताना बरं वाटायचं. एखाद्या आजारी माणसाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसं. हातभर मोकळी ठेवलेली जागा कधी भरली ते कळलं नाही. पानगळीपर्यंत चुरा खोडाला भिडला होता आणि सांधा त्याखाली गेला होता. पुढच्या वसंतात मी नत्राचं खतही दिलं, मूठभर, हळूच, कुणी पाहू नये असं. दुबळ्या झाडाला नत्र देऊन पळवू नये, हे मी दुसऱ्या कुणाला नक्की सांगितलं असतं.

आणि मग तो आला.

दुसऱ्या वर्षीच्या मेच्या शेवटी चुऱ्यातून एक तांबूस कोंब डोकावला. खुंटाच्या हिरव्या मेपललाही कोवळेपणी तांबूस पानं येतात, त्यामुळे मला शंकाही आली नाही. वरच्या झाडाची दोन टोकं वाळली होती, बाकी पानं होती तेवढीच होती, आणि हा मात्र आठवड्याला बोट-बोट वाढत होता. झाडानं खालून पुन्हा सुरुवात केली असं मी धरून चालले. वरचा भाग अडखळला, रस तिकडे नीट जाईना, की खुंटाचे झोपलेले डोळे जागे होतात. त्याला माझं खत मिळालं, माझं पाणी मिळालं. जूनमध्ये त्याची पानं हिरवी झाली. तेव्हाही माझ्याकडे उत्तर तयार होतं: तांबड्या जाती सावलीत पडल्या की त्यांचा रंग हिरव्याकडे झुकतो. हे खरंच आहे. ब्लडगुडचीही सावलीतली पानं उन्हाळ्यात कांस्यासारखी हिरवट होतात. एखादी खरी गोष्ट चुकीच्या जागी ठेवली की ती किती घट्ट बसते! मी त्याच फुटव्याला काठीचा आधार दिला. घरी येणाऱ्यांना तोच दाखवला. ‘बघा, वाचलं झाड,’ असं म्हणाले.

त्या वर्षीची पानगळ मला विसरता येत नाही. दिवसा लख्ख ऊन, रात्री गारठा, असे सलग दोन आठवडे मिळाले. मेपलला रंग चढायला असेच दिवस लागतात. पानातलं हरितद्रव्य मोडत जातं तसा आधीपासूनच आत असलेला पिवळा उघडा पडतो. लाल मात्र आधी नसतो. तो पान शेवटच्या दिवसांत नव्यानं घडवतं, दिवसाच्या उन्हात तयार झालेल्या आणि रात्रीच्या गारव्यानं पानातच अडकलेल्या साखरेतून. गळायच्या आधी, जाण्याची सगळी तयारी झालेली असताना, नवं काहीतरी करायला घ्यायचं. मला हे समजल्यापासून मी लाल पान पूर्वीसारखं बघू शकत नाही. वरच्या ब्लडगुडवर तेव्हा मोजकी पानं होती, ती किरमिजी झाली आणि गळली. हिरव्या फुटव्यावर आधी कडा पिवळ्या झाल्या, मग शेंदरी रंग आत उतरला, मग एका सकाळी ते सगळं सरळसोट अंग निखाऱ्यासारखं धगधगत उभं होतं. मी त्याच्यापाशी उभी राहून रडले होते. हे आता लिहायला अवघड जातं, कारण मी ज्याच्यासाठी रडले ते झाड मी आणलेलंच नव्हतं. पण रंग खोटा नव्हता.

जपानी भाषेत या झाडाची दोन नावं आहेत. एक ‘काएदे’, ते ‘काएरुदे’ या जुन्या शब्दापासून आलं, म्हणजे बेडकाचा हात. दुसरं ‘मोमिजी’, पानांच्या रंग पालटण्यासाठीचा शब्द, तो हळूहळू झाडाचाच झाला. हानाफुदा नावाचे तिथले खेळण्याचे पत्ते असतात, बारा महिन्यांची बारा झाडं-फुलं; त्यात ऑक्टोबरच्या पत्त्यावर मेपलखाली एक हरीण आहे, मान पलीकडे वळवून उभं. त्या हरणावरूनच तिथे एखाद्याकडे काणाडोळा करण्याला ‘शिकातो’ म्हणू लागले. मी ते चित्र पाहिलं तेव्हा मेपल इतका सुंदर असताना हे मागे वळून काय बघतंय असं वाटलं होतं. आता त्या वळलेल्या मानेकडेच नजर जाते.

कार्ल पेटर थुनबर्ग नावाचा स्वीडिश वैद्य 1775 मध्ये नागासाकीच्या देजिमा बेटावर उतरला. परदेशी माणसांना तिथून मोकळेपणी बाहेर पडता येत नसे, म्हणून जनावरांसाठी बेटावर आणलेल्या वैरणीतूनही तो वनस्पतींचे नमुने वेचायचा. 1784 मध्ये त्यानं या मेपलला शास्त्रीय नाव दिलं, त्यातला ‘पाल्माटम’ म्हणजे तळहातासारखा. ज्यांच्या अंगणात झाड होतं त्यांना बेडकाचा हात दिसला, दुरून आलेल्याला माणसाचा. पण तोवर जपानी बागकाम करणाऱ्यांनी कितीतरी जाती निवडून त्यांना आपापली नावं दिली होती. एडो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, हा छंद भरात होता. आजही ती नावं म्हणताना जिभेला गंमत वाटते: हिवाळ्यात पोवळ्यासारखी लाल साल दाखवणारी सांगो-काकू, सिंहाच्या आयाळीसारखी चुरमुडलेल्या पानांची शिशिगाशिरा, हिरव्या ड्रॅगनच्या नावाची सेइर्यू. अशी बहुतेक नावं आज कलमांवरच आपल्यापर्यंत येतात. म्हणजे प्रत्येकीच्या खाली, जमिनीत, कुणीतरी बिननावाचं हिरवं उभं असतं. बी कुणी पेरलं, कुठल्या झाडाचं होतं, त्याची पानगळ कशी दिसली असती, काही नोंद नाही. त्यानं वर येऊ नये एवढीच सगळ्यांची अपेक्षा.

माझ्या बाबांचे गुलाब होते. मी सात-आठ वर्षांची असेन. रोज सकाळी ते प्रत्येक झाडापाशी उकिडवे बसायचे, बुंध्याजवळची माती तर्जनीनं बाजूला करायचे आणि काहीतरी खुडून टाकायचे. एकदा मी त्यांचा हात धरला. समोर एक फिकट हिरवा, सरळ, गुळगुळीत कोंब होता, सगळ्या झाडात तोच सगळ्यात छान. ‘हा नका ना काढू बाबा, हाच तर वाढतोय.’ त्यांनी मला शेजारी बसवलं, माझं बोट धरून गाठीवर ठेवलं. ‘ही गाठ लागली? हा तिच्या खालून आलाय. हा खुंटाचा. तो वाढतोय म्हणून वरचा गुलाब थांबलाय. नखानं निघतोय तोवर काढायचा बाळा, नंतर सिकेटर लागतो, छाटणीची कात्री.’ आणि अंगठ्याच्या नखानं त्यांनी तो उडवला. त्यांच्या नखाखाली कायम एक हिरवी रेघ असायची. त्या हिरव्याचा उग्र, कच्चा वास मला आत्ताही येतो. त्या जून महिन्यातल्या सकाळी, चुऱ्यातली गाठ बोटाला लागली त्या क्षणी, मला आधी तो वास आला आणि मग मी काय पाहते आहे ते कळलं. इतकी वर्षं ते माझ्या बोटात होतं आणि मी बोट तिथपर्यंत नेलंच नव्हतं, वरूनच पाहत राहिले होते.

कापायला मात्र मला पाऊण तास लागला. कुणी विचारलं असतं तर कारणं सगळी पाठ होती. तो असाच राहिला तर एक-दोन वर्षांत सगळा रस घेईल, वरचं कलम वाळेल, आणि अंगणात एक देखणा हिरवा मेपल उरेल. मग उरू दे की, असंही मनात आलं. त्यात वाईट काय आहे? मुळं त्याचीच, माती त्यानंच धरून ठेवलेली, तीन हिवाळे त्यानंच काढलेले. मी ज्याला माझं झाड म्हणत होते ते त्याच्या खांद्यावर बसलेलं होतं. एकीकडे हे, आणि दुसरीकडे वर वाळक्या टोकांच्या मधून निघालेली ती दहा-पंधरा गडद पानं, सकाळच्या ढगाळ उजेडातही आतून तांबडी. त्यांना मी इथे आणलं होतं. शेवटी मी सिकेटर खोडाला समांतर धरला, खुंटी राहू नये असा अगदी लगत, पण खोडाच्या सालीला इजा होणार नाही असा. जखमेला काही लावलं नाही, ती उघडीच भरते. कापल्याजागी पाण्याचा एक थेंब जमला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीतला फुटवा बाहेर काढला. खालून वर त्याचे सात तुकडे केले, प्रत्येकावर डोळ्यांच्या दोन जोड्या, वरची दोनच पानं ठेवलेली, तीही अर्धी कापून. धुतलेल्या जाड्या वाळूत रोवले, वरून पारदर्शक पिशवी घातली आणि सावलीत ठेवले. जपानी मेपलच्या काड्या सहजी मूळ धरत नाहीत. चार तुकडे पंधरा दिवसांत काळे पडले. ऑगस्टच्या अखेरीस हलकेच ओढून पाहिलं तेव्हा दोन तुकड्यांनी वाळू धरून ठेवली होती. त्यातला एक पुढे कुजला. एक राहिला.

मोठ्या झाडाला, म्हणजे ज्याला मी अजूनही मोठं म्हणते ते कमरेएवढं झाड, त्याला जुलैत वीतभर नवी वाढ आली. गडद, जवळजवळ काळी, मग तांबडी. एक फांदी गेलीच, ती परत फुटली नाही. सांगाड्यासारखी एका बाजूला आहे, तिची छाटणी झाड निजल्यावर करेन. हिवाळा सरता सरता कापलं तर या झाडाच्या जखमेतून रस ठिबकत राहतो. खोडाभोवतीचा चुरा मी पुरता मागे सारला आहे. गाठ दिसते. कापलेल्या जागेच्या कडेनं दर पंधरा-वीस दिवसांनी तांदळाएवढे कोंब येतात, तीन, चार, कधी सहा. मी बाबांसारखी उकिडवी बसते आणि अंगठ्याच्या नखानं ते काढते. दर वेळी थोडं थांबते. मग काढते.

आता पानं गळून गेली आहेत. जगलेल्या त्या एका तुकड्याची कुंडी भिंतीच्या आडोशाला ठेवली आहे, गळालेल्या पानांत अर्धी पुरून, म्हणजे मुळं गोठायची नाहीत. मूळ धरलेल्या मेपलच्या काड्याही पहिल्या हिवाळ्यानंतर पुष्कळदा जाग्या होत नाहीत. साठा करायला त्यांना उन्हाळाच पुरेसा मिळालेला नसतो. टोकाशी दोन डोळे आहेत, समोरासमोर, मोहरीएवढे. जिवंत आहे की नाही हे बघायचा एक सोपा उपाय असतो. साल नखानं किंचित खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी दिसलं तर नाही. काल मी तिथे बसले होते. नख सालीवर टेकवलंही होतं. साल गार होती, ओली होती. मी हात मागे घेतला, कुंडीवर पानांचा आणखी एक थर पसरला, आणि काडीभोवतीची पानं दोन बोटं बाजूला सारून ठेवली.